लंकावीतली येळवस

येळवस जवळ आली की गावात कुणी ना कुणी मला अडवतंच. गिरणीवर, दवाखान्याच्या ओट्यावर, नाहीतर एस्टीची वाट बघताना. “काकू, तुमी मलेशियाला जाऊन आलाव म्हणं. काय काय बघितलं तिकडं?” मी सांगते, “एका लग्नात जेवले.” माणूस तोंडाकडं बघत राहतो, पुढं काहीतरी येईल म्हणून. पुढं काही येत नाही. मग तोच विचारतो, “आन् ते दोन उंच मनोरे?” मी म्हणते, “तेबी होते.”

लोकांना वाटतं म्हातारी चळली. एवढा पैसा घालून विमानानं गेली आणि सांगायला काय तर जेवण. पण मला जे आठवतं तेच मी सांगणार. दुसऱ्याला जे आवडेल ते आठवायचं, असली नोकरी मी धरलेली नाही.

आता मार्गशीर्ष संपत आलाय. सकाळी रानात गेलं की ज्वारीच्या पानावरचं दव पायाला लागतं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजतं. ज्वारी पोटऱ्यात आलीय, कणीस अजून पानाच्या पोटात आहे. हरभऱ्याला घाटे लागलेत, आणि त्याची आंब बोटाला लागली की दिवसभर बोट आंबट लागतं. तूर वाळायला लागलीय, वारा आला की शेंगा खुळखुळतात. या दिवसांत आमच्याकडं रानाला जेवू घालतात. पोटुशी बाईचे डोहाळे पुरवावेत तसं. पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात, आम्ही येळवस म्हणतो. धाराशिव, लातूर आणि खाली कर्नाटकाची कड, एवढ्याच मुलखात ती होते. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, तिच्यात पाच दगड मांडून त्यांना चुना लावायचा, ते पांडव. ताकात ज्वारीचं पीठ कालवून आदल्या दिवशी आंबिल लावायची, तिचं मडकं म्हणजे बिंदगं डोक्यावरून रानात न्यायचं. बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुम्ही हॉटेलात खाता ती भजी नव्हे. रानात जे जे हिरवं मिळेल ते सगळं, तुरीचे दाणे, वाल, वांगी, गाजर, मेथी, चिंचेच्या पाण्यात बेसन लावून एका पातेल्यात शिजवायचं.

आणि एक नियम. त्या दिवशी कुणीही कुणाच्याही कोपीत जाऊन बसू शकतं. ओळख लागत नाही. वाटेनं जाणाऱ्याला हाताला धरून आणायचं आणि जेवू घालायचं. त्यानं नाही म्हणायचं नाही. घरी येऊन शिव्या दिल्या तरी माणूस विसरेल, पण येळवशीला पुढं केलेलं ताट परतवलं तर विसरत नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण लहानपणापासून अंगात मुरलाय. त्याच्यामुळंच माझ्याकडून तिकडं घोटाळा झाला. घोटाळा असं माझा मुलगा म्हणतो, मी म्हणत नाही.

मुलगा म्हणजे दत्ता. पुण्याला कंपनीत आहे. सून रेखा, धाराशिवजवळच्या येडशीची. मी सास्तूरला एकटी राहते, भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरात. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. रान मी बघते. गडी लावते, पण पेरणीला आणि काढणीला मी स्वतः असते. दत्ताला हे बरेच दिवस खुपत होतं. एक दिवस फोनवर म्हणाला, “आई, डिसेंबरात मलेशियाला चाललोय आपण सगळे. तुझंपण तिकीट काढलंय.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. म्हणाले, “त्यात येळवस आहे.”

“येळवस काय, दरवर्षी येते.”

“दरवर्षी येते म्हणून तर दरवर्षी करतात.”

त्याला वाटलं मी नाही म्हणणार. मी म्हणाले, “येते.”

मला जायचं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आता सांगते. भूकंप झाला तेव्हा आमच्या गावात गाड्या भरभरून माणसं आली. मदत घेऊन आलेली बरीच होती, त्यांचं चांगलं होवो. पण नुसती बघायला आलेलीही होती. देशातली होती, परदेशातली होती. आम्ही ढिगाऱ्यावर बसलेलो आणि ती फोटो काढायची. एका गोऱ्या बाईनं मला हातानं खूण करून डोक्यावरचा पदर जरा मागं घ्यायला लावला, चेहरा नीट यावा म्हणून. त्या दिवसांत आम्ही बघायची गोष्ट होतो. तेव्हा माझ्या मनात आलं होतं, ही माणसं कुठून येतात, त्यांची घरं कशी असतात, त्यांच्या चुलीवर काय शिजतं, हे आपणही एकदा त्यांच्या दारात जाऊन बघावं. कुठला का देश असेना. इतकी वर्षं वाट बघितली आणि मग कुणी तिकीट काढलं तर येळवशीसाठी घरी बसू?

गावानं बोलायचं ते बोललं. “काशीला जायच्या वयात ही मलेशियाला चालली.” मी म्हणाले, काशी कुठं पळून चालली नाही. प्रश्न एकच होता, रानाचा. तो हमीदानं सोडवला.

हमीदा माझी बांधकरीण. तिचं रान आणि माझं रान यांच्यात एक बांध आणि एक बाभळ. विहीर सामाईक. ती कोप घालते, मीही घालते. माझ्या कोपीत पांडव, तिच्या कोपीत नुसतं जेवण, आंबिल दोघींची सारखीच आंबट. ती म्हणाली, “तू जा गे पारू. तुझ्या रानात मी शिंपते आंबिल. रान काय विचारतंय व्हय, शिंपणारी कोण म्हणून?”

“आणि पांडव?”

“हौ, दगडाला चुना लावायला काय पंडित लागतो?”

तेवढं झाल्यावर मी उंडे बांधले, तिळाची चटणी बांधली आणि निघाले. आंबिल विमानात नेऊ देत नाहीत.

आमच्यासारख्या माणसांना परदेश दाखवणारी एक कंपनी होती. तिचा एक तरुण मॅनेजर बरोबर होता. मुलगा चांगला, पण त्याला भीती होती की आमच्यातलं कुणीतरी परदेशात जाईल. म्हणजे खरोखरच तिथल्या माणसांत जाईल. बसमधून उतरवून फोटो काढायचे आणि परत बसमध्ये. दुपारी वरणभात, रात्री वरणभात, मध्ये एक दिवस पुरणपोळी. लोक खूश. एक बाई म्हणाल्या, “अगदी घरच्यासारखं वाटतंय नाही?” मी म्हणाले, “घरच्यासारखंच वाटायचं तर घर काय वाईट होतं?” त्या माझ्याशेजारी परत बसल्या नाहीत.

मनोरे बघितले. मान दुखेपर्यंत उंच आहेत. डोंगरातली गुहा बघितली, बाहेर मोठा सोन्याच्या रंगाचा देव उभा आहे, तमिळ लोकांचा. वर जायला रंगीबेरंगी पायऱ्या. मॅनेजर म्हणाला, सीनियर लोकांनी खाली सावलीत बसावं. मी चप्पल काढली आणि चढायला लागले. दत्ता मागून हाका मारत होता. तुळजापूरला आधी पायऱ्या उतरून देवीला जायचं आणि येताना चढायचं, इथं आधी चढायचं, एवढाच फरक. वरती माकडं, येडशीच्या रामलिंगला असतात तशीच निर्लज्ज. एकानं मॅनेजरच्या हातातली बाटली ओढून नेली. मला बरं वाटलं.

एका रस्त्यावर तर मशीद, जवळच चिन्यांचं उदबत्त्यांच्या धुरानं भरलेलं देऊळ, आणि पुढं तमिळ लोकांचं मंदिर. मॅनेजर म्हणाला, “बघा, किती वेगवेगळे लोक कसे एकत्र राहतात.” सगळ्यांनी फोटो काढले. मला त्यात फोटो काढण्यासारखं काय ते कळलं नाही. माणसं शेजारी राहतात कारण घरं शेजारी असतात. एकत्र राहतात म्हणजे भांडत नसतील असंही नाही. हमीदा आणि मी त्या बाभळीवरून एक अख्खा उन्हाळा बोललो नव्हतो. मग तिच्या म्हशीला सर्पदंश झाला आणि बोलायला लागलो. याचा फोटो कसा काढणार?

पण मी नावं ठेवायला बसलेली नाही. आपलं गाव सोडून सगळं फुकट, असं म्हणणाऱ्यातली मी नव्हे. तिथले रस्ते चांगले. संडास आमच्या पुढाऱ्यांच्या बैठकीपेक्षा स्वच्छ. फणसाच्या जातीचं एक काटेरी फळ असतं, त्याच्या वासानं सगळे नाक धरून पळाले, मी खाल्लं. आवडलं. आणि लंकावी नावाच्या बेटावर समुद्र बघितला. एवढं पाणी, ज्याच्यावर कुणाचा हक्क नाही, पाळी नाही, मोटर नाही. मी पायाचे घोटे बुडवून बराच वेळ उभी राहिले. टँकरच्या मागं घागर घेऊन पळालेल्या बाईला ते बघून राग यायला हवा होता. नाही आला. डोळ्याला गार वाटलं.

तिथंच वाळूवर दत्तानं विषय काढला. आधी दोरीवरच्या पाळण्यात बसवून डोंगरावर नेऊन, तिथल्या उंच पुलावरून चालवून आणलं होतं. पाळणा हलायला लागला तशी रेखा म्हणाली, आई, खाली बघू नका. मी म्हणाले, मग वर कशाला आणलं? दोघं हसले. दिवस चांगला गेला होता. संध्याकाळी दत्ता माझ्याशेजारी वाळूवर येऊन बसला.

“आई, मजा आली का नाही?”

“आली.”

“मग आता असंच राहायचं. हिंडायचं, फिरायचं. किती दिवस चिखलात हात घालणार? मी रान बटईनं दुसऱ्याला कसायला द्यायचं ठरवतोय. माणूस बघितलाय. त्याच्याशी बोलणं झालंय. तू पुण्याला ये. कायमची.”

“कधी झालं बोलणं?”

“दिवाळीत.”

म्हणजे तिकीट काढायच्या आधी. मी समुद्राकडं बघितलं. बैल बाजारात नेताना त्याला आधी ओढ्यावर पाणी पाजतात, अंग धुतात, शिंगं रंगवतात. बैलाला वाटतं पोळा आलाय. “माझी सही लागेल,” मी म्हणाले. रान माझ्या नावावर आहे.

“परत गेल्यावर करू. तू विचार कर. उद्या सांग.”

उद्या येळवस होती. त्याच्या लक्षात नव्हतं.

सकाळी उठून अंघोळ केली. आमच्या गावात आता बायका बिंदगं डोक्यावर घेऊन निघाल्या असतील, बैलगाड्या चालल्या असतील, मोटारसायकलीवर मागं पातेली बांधली असतील, गावात फक्त कुत्री उरली असतील. हमीदा बांधावर उभी राहून माझ्या गड्याला शिव्या देत असेल. मी उंडे पिशवीत घेतले आणि बसमध्ये बसले. आज मत्स्यालय होतं. वाटेत एका खेड्यातल्या बाजारापाशी बस थांबली, लोकांना खरेदी करायची होती. मॅनेजर म्हणाला, “आजी, तुम्ही गाडीतच बसा.” तो दुकानाकडं गेला आणि मी उतरले.

रस्त्यापलीकडं भाताची खाचरं होती. पीक पिवळं पडायला लागलेलं. त्याच्या कडेला खांबांवर उभं केलेलं लाकडी घर आणि घरापुढं मांडव. धूर निघत होता. मोठमोठी पातेली चुलीवर, आणि वल्ह्याएवढी उलथनी घेऊन चार पुरुष ती ढवळत होते. बायका खाली बसून कांदे चिरत बोलत होत्या. माणसं येत होती, बसत होती, जेवत होती, उठत होती. आणि हातानं जेवत होती. इतके दिवस हॉटेलात काट्याचमच्यांशी झटापट केल्यावर ते बघून मला बरं वाटलं.

मी विचार केला नाही. खरंच नाही. येळवशीचा दिवस, रानाच्या कडेला मांडव, शिजलेलं अन्न, बसलेली माणसं. माझे पाय आपोआप आत गेले आणि मी एका खुर्चीवर बसले.

कुणी विचारलं नाही, तू कोण. एक पोरगी आली, डोक्याला रुमाल बांधलेली, तिनं हसून माझ्या हातावर पाणी घातलं. मग घरातून एक म्हातारी आली. माझ्याच वयाची, पाठीत वाकलेली, तोंडात दात माझ्यापेक्षा दोन जास्त. सगळे तिला तोक म्हणत होते. तोक म्हणजे आजी, हे मला नंतर बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं. तिनं भाताचं ताट आणलं, त्यावर कोंबडीचा रस्सा. मी अमावास्येला कोंबडी-मटण खात नाही. कसं सांगायचं? मी हातानं पंख केले, कुक्कुक असा आवाज काढला आणि मान हलवली. मांडव हसला. म्हातारी सगळ्यात जास्त हसली. ताट घेऊन गेली आणि दुसरं घेऊन आली. भात, अननसाचं लोणचं आणि एका वाटीत डाळीत शिजवलेल्या भाज्या. वांगं, गाजर, शेंगा, चिंचेचा वास. मी चमच्यानं ढवळून हाडबिड नाही ना ते बघितलं. ती वाटीकडं बोट करून म्हणाली, “दालचा.”

हमीदाच्या घरी लग्नात दालचा करतात. आमच्यासाठी एक पातेलं मटण न घालता बाजूला काढतात. तोच. समुद्र ओलांडून तोच दालचा, आणि येळवशीला भज्जी खावी तसा मी तो खाल्ला. माझ्या पिशवीतला एक उंडा काढून मी म्हातारीच्या हातावर ठेवला. तिनं वास घेतला, तुकडा मोडला, चावला. तिचं तोंड वाकडं झालं. बाजरी तिला आवडली नाही. पण तिनं गिळला. सगळा गिळला. जेवू घालणारीला आणि जेवणारीला हे दोन्ही कळलं, आणि आम्ही दोघी हसलो.

तेवढ्यात दत्ता आला. मागं रेखा. दत्ताचा चेहरा लाल.

“आई, हे कुणाचं घर आहे?”

“लग्नाचं.”

“कुणाचं लग्न?”

“ते नाही विचारलं.”

“आपल्याला कुणी बोलावलंय का? ओळख ना पाळख. बस थांबलीय, माणसं खोळंबलीत.” त्यानं माझा दंड धरला आणि ओढलं. जोरात नाही, पण ओढलं.

“हात सोड,” मी म्हणाले. “ताटात अन्न आहे.”

रेखानं मोबाइल वर केला होता, मांडवाचा फोटो घ्यायला. मी तिला म्हणाले, “ते खाली ठेव. आधी जेव, मग काढ.” मला वाटलं होतं ती नवऱ्याकडं बघेल. तिनं माझ्याकडं बघितलं. मग पिशवीकडं, उंड्यांकडं. येडशीची पोरगी ती. “अगं बाई,” ती म्हणाली, “आज येळवस.” आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. हातावर पाणी घेतलं आणि ताट पुढं येताच जेवायला लागली. सून म्हणून तिच्याशी माझं फार पटतं असं नाही. पण त्या दिवशीपासून मी तिला उलट बोलायच्या आधी एकदा थांबते.

म्हातारीनं दत्तासाठीही ताट आणलं. दोन्ही हातांनी धरून त्याच्यापुढं केलं. दत्तानं हात हलवले. “नो, नो. थँक्यू.” तिला वाटलं लाजतोय. तिनं ताट आणखी पुढं केलं. तो एक पाऊल मागं सरकला आणि परत म्हणाला, “नो.” म्हातारीचे हात तसेच राहिले. मग तिनं ताट खाली घेतलं आणि कुणाला द्यायचं ते शोधायला लागली, जसं काही ते दुसऱ्याच कुणासाठी आणलं होतं.

ते मला अजून दिसतं.

मी माझं ताट चाटूनपुसून संपवलं. सावकाश. मग उठले आणि म्हातारीच्या मागून तिच्या खाचराकडं गेले. ती काहीतरी सांगत होती, घराकडं बोट दाखवून, भाताकडं दाखवून, दूर कुठंतरी दाखवून. गोष्टीत असतं तर मी म्हणाले असते की मला सगळं समजलं, तिचाही मुलगा शहरात आहे, तिलाही रान सोडायला सांगतात. मला काही समजलं नाही. कदाचित ती हरवलेल्या बकरीबद्दल सांगत असेल.

बांधावर मी पाच दगड गोळा केले आणि मांडले. चुना नव्हता, तसेच मांडले. आंबिल नव्हती. हातात लग्नातल्या गुलाबी सरबताचा पेला होता, तोच कणसांवर शिंपडला आणि “ओलगे, ओलगे” म्हणाले. शिंपताना आम्ही तसं म्हणतो, कानडीतून आलंय म्हणतात, अर्थ मला आजही ठाऊक नाही. म्हातारीनं मांडवाकडं बघून ओरडून काहीतरी सांगितलं. ही बाई माझ्या भातात सरबत ओततेय, असंच म्हणाली असणार. पण अडवलं नाही.

दत्ता बांधावर आला. बुटाला चिखल लागेल म्हणून जपून पाय टाकत होता. “आई, झालं का आता? अख्खी बस आपल्यासाठी थांबलीय. लोक काय म्हणतील?”

“तू काल विचारलं होतंस, त्याचं उत्तर देते.”

“आत्ता? इथं?”

“इथंच. रान बटईनं जाणार नाही. मी पुण्याला येणार नाही. त्या माणसाला फोन करून सांग.”

“का पण? कारण तर सांग.”

“तुझ्यापुढं ताट आलं होतं.”

“मला भूक नव्हती.”

“भूक कुणी विचारली? पुढं आलेलं ताट ज्याला परत करता येतं, त्याच्या हातात मी रान देत नाही. तो देईल त्याच्याही नाही.”

पेला मी म्हातारीला दिला. निघताना तिनं माझ्या हातात कागदी फुलाला बांधलेलं एक उकडलेलं अंडं ठेवलं, तिकडं लग्नात पाहुण्यांना देतात. अंडं मी ड्रायव्हरला दिलं, फूल ठेवून घेतलं. बसमध्ये चढले. मॅनेजर म्हणाला, “आजी, तुमच्यामुळं मत्स्यालयाची वेळ गेली.” मी म्हणाले, “मासे पाण्यातच आहेत की.”

त्या देशात मी जे जे बघितलं त्यातल्या बहुतेकाला तिकीट होतं. पाळण्याला तिकीट, पुलाला तिकीट, माशांना तिकीट. तिकिटाला माझी ना नाही, लोक पोटासाठी करतात. पण तिकीट काढून बघितलेलं एकेक मी विसरत चाललेय. जिथं मला कुणी तिकीट विचारलं नाही, तेवढं राहिलंय. म्हणून कुणी विचारलं काय बघितलं, तर मी लग्न सांगते.

परत आले तेव्हा ज्वारी निसवली होती, कणसं बाहेर पडली होती. हमीदा बांधावर भेटली. “शिंपलं गे. तुझ्या पांडवाला चुना जरा जास्त लागला, पांढरे फटक झाले.” मी तिला कागदी फूल दाखवलं, दालच्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मटण नव्हतं? मग कसला दालचा.” झालं, तिथून भांडण.

या गोष्टीला काही वर्षं झाली. रान माझ्याकडं आहे. गुडघे पूर्वीसारखे नाहीत, ते कुणाचे असतात? पण दत्ता गप्प बसणाऱ्यातला नाही, माझाच मुलगा आहे. यंदा येळवशीच्या आदल्या दिवशी दोघं आले. संध्याकाळी मी आंबिलीला लसूण ठेचत होते तर त्यानं मोबाइलवर एक चित्र दाखवलं. माझंच रान, त्यात रंगीत तंबू, कडब्याची कोप, बैलगाडी, आणि वर मोठ्या अक्षरात काहीतरी. मी चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं वाचता येतं. मराठवाड्याची अस्सल येळवस अनुभवा. खाली माणशी दर.

“बटई नको म्हणालीस, नाही केली,” तो म्हणाला. “पण हे बघ. पुण्याची माणसं याच्यासाठी पैसे मोजायला तयार आहेत. तुला काही करायचं नाही. तू फक्त कोपीत बसायचं. चुलीपाशी. नऊवारी आहेच.”

“आणि?”

“आणि काय, बोलायचं त्यांच्याशी. फोटो काढतील.”

मी लसूण ठेचत राहिले. रेखा चुलीपाशी होती, ती म्हणाली, “मी सांगितलं होतं यांना.”

“दत्ता,” मी म्हणाले, “ढिगाऱ्यावर बसून फोटो काढून दिलेत मी. एकदा पुरे. आणि येळवशीला तिकीट लावलंस तर ती येळवस राहणार नाही, हॉटेल होईल. पैसे दिलेला माणूस आंबिल आंबट आहे म्हणून परत करेल. तू त्याला काय सांगशील?”

“मग चांगल्या गोष्टी लोकांनी बघायच्याच नाहीत का?”

“कोण नाही म्हणतंय? पुण्याचे येऊ देत, मलेशियाचे येऊ देत. रस्ता सरकारी आहे, कोप माझी आहे. बसायचं आणि जेवायचं.”

तो मोबाइल खिशात घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

आज सकाळी बिंदगं मीच डोक्यावर घेतलं. रेखा घेते म्हणाली, तिला पातेली दिली. कोप रात्रीच बांधून झाली होती, पाच पांडव मांडले, त्यांच्या शेजारी ते कागदी फूल खोचलं. रंग उडालाय त्याचा. हमीदा आपल्या रानातून ओरडली, “पारू, तुझा मलेशियाचा देव मांडला का?” आंबिल शिंपून झाली. दत्ता बांधावर उभा होता, काय करावं ते न कळून. आमच्या रानाच्या कडेनं लोहारा गावाकडं जाणारा रस्ता आहे. माणसं जात होती.

“रस्त्यावर जाऊन उभा राहा,” मी त्याला म्हणाले. “जो जाईल त्याला आण.”

“ओळखीचा नसला तरी?”

“तिकडं मला दंड धरून बाहेर ओढत होतास ना? आता आत ओढ.”

तो गेला. पहिल्या मोटारसायकलीला त्यानं हात केला, लाजत, अर्धाच. ती थांबली नाही. दुसरी गाडी आली तेव्हा तो रस्त्याच्या मध्ये जाऊन उभा राहिला. ब्रेक लागल्याचा आवाज आला. मी बिंदग्यावरचं फडकं काढलं.